पाच मैलांच्या आतली गाडी

डॅशबोर्डवरचा नारिंगी दिवा बुधवारी सकाळी लागला. अन्वीला शाळेत सोडून ऋजुता परत येत होती, राउंडअबाउटला थांबली आणि तिचं लक्ष गेलं. एक डबा, डब्याला दोन्हीकडून नळ्या आणि डब्यात ठिपके, असं चित्र. कुणीतरी रवा चाळतंय म्हणावं तसं. तिने घरी येऊन गाडी बंद केली, गजाननाचं नाव घेतलं आणि पुन्हा चालू केली. दिवा होताच. गजाननालाही सगळ्या दिव्यांची माहिती असेल असं नाही.

गुरुवारी संध्याकाळी तोच दिवा लुकलुकायला लागला आणि ऋजुताच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण सोमवारपासून तिची नोकरी सुरू होणार होती. पुण्यात ती फिजिओथेरपिस्ट होती, चांगली होती. मग लग्न, इंग्लंडातलं बेसिंगस्टोक, अन्वी आणि इथलं रजिस्ट्रेशन मिळवण्याचे कागदपत्रांचे डोंगर, यात सहा वर्षं गेली. आता कुठे कम्युनिटी फिजिओची जागा मिळाली होती. म्हातारी माणसं, गुडघे-खुबे बदललेली माणसं, त्यांच्या घरी जाऊन त्यांना उभं करायचं, चालवायचं. अट एकच, स्वतःची गाडी हवी. भाग मोठा होता, इकडे फ्लीट तर तिकडे विंचेस्टर. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, "मोटरवेवर चालवायला काही प्रॉब्लेम नाही ना?" आणि ऋजुता म्हणाली होती, "ऑफ कोर्स नाही."

इतकं सफाईदार खोटं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली होती.

खरं हे होतं की ऋजुताने मोटरवेवर आजवर फक्त तीनशे मीटर गाडी चालवली होती. तीन वर्षांपूर्वी, लायसन्स नवीन असताना, अपूर्व तिला सरावाला घेऊन गेला. एम-थ्री मोटरवेला मिळणाऱ्या उतरत्या रस्त्यावर ती वेग घेत होती आणि उजव्या आरशात एक लॉरी दिसली. अपूर्व ओरडला, "थांब, थांब, थांब!" ती थांबली. जिथे थांबायचं नसतं नेमकी तिथे, त्या रस्त्याच्या टोकाला, साठ-सत्तरने धावणाऱ्या गाड्यांच्या कडेला. मागून हॉर्न, बाजूने लॉऱ्यांचा वारा, गाडी अशी हलत होती की वाटावं आता उलटते. शेवटी अपूर्व उतरला, धावत वळसा घालून ड्रायव्हरच्या सीटवर आला आणि त्याने कशीबशी गाडी बाहेर काढली. घरी येईपर्यंत दोघं बोलले नाहीत. पुढेही त्यावर कधी बोलले नाहीत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ऋजुताने ताक प्यायचंच सोडून दिलं.

अपूर्व वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. जपणारा माणूस. घरातल्या टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला चादर, गाडीच्या सीटला कव्हर आणि कव्हरवर टॉवेल. दीड वर्षापूर्वी ही गाडी घेताना शेजारच्या लोकांनी तऱ्हेतऱ्हेचे सल्ले दिले, पण अपूर्वने आपल्याकडचा पिढीजात प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देते?" डीझेल जास्त देते म्हटल्यावर डीझेल घेतली. रोजचं जाणं-येणं दीड मैल शाळा आणि दोन मैल दुकान, याचा कुणी विचार केला नाही. वापर होता वाटीभर आणि भांडं आणलं लग्नघरचं.

एडिनबराला चार महिन्यांच्या प्रोजेक्टवर जाताना त्याने स्टिअरिंगच्या बाजूला एक पिवळी चिठ्ठी चिकटवली होती. इंजिनाचा काटा दोन हजारांच्या वर नेऊ नकोस. गिअर लवकर बदल. दर रविवारी ऑइल बघ. इन्शुरन्सवाल्यांनी गाडीत ट्रॅकर बसवला होता, त्यात त्याने फोनवरून पाच मैलांचं वर्तुळ आखून ठेवलं. गाडी त्याच्या बाहेर गेली की त्याच्या फोनवर भोंगा वाजणार. "चोरी फार वाढलीय ग," तो म्हणाला होता. "गाडी जप. स्वतःला जप." तीन महिन्यांत भोंगा एकदाही वाजला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी तिने त्याला फोन केला.

"हात लावू नकोस," अपूर्व म्हणाला. "पुढच्या शनिवारी मी येतो ना, मी बघतो. तोवर बसने जा. तुझं काम लोकलच आहे ना?"

"हो," ऋजुता म्हणाली. "लोकलच."

झालं, दुसरं खोटं. पहिल्याला सोबत म्हणून. रात्री ती टक्क जागी होती. पहिल्याच दिवशी त्या बाईंना फोन करून काय सांगणार होती? गाडी नाही? की गाडी आहे, पण मी आणि गाडी दोघी पाच मैलांच्या पलीकडे जात नाही?

शुक्रवारी अन्वीला सोडून ती थेट समरच्या गॅरेजमध्ये गेली. समर म्हणजे डॉक्टर दाम्पत्याचा इथेच जन्मलेला मुलगा. आईवडिलांनी याला सर्जन करायचं ठरवलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पण मारुती कामाचा निघाला. महाराष्ट्र मंडळात त्याचे आईवडील अजून "समर ऑटोमोटिव्ह इंजिनीअरिंगमध्ये आहे" असं सांगतात. समर मात्र पाटीवर स्वच्छ 'गॅरेज' लिहून बसला होता.

त्याने दिवा पाहिला, लॅपटॉप जोडला आणि मान हलवली. मग बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बाहेर ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"ताई, हे ऑइल तुम्ही चेक करता?"

"दर रविवारी," ऋजुता जरा अभिमानाने म्हणाली. "कमी तर कधीच होत नाही. उलट वाढतंय."

समरने पट्टी तिच्या नाकासमोर धरली. "वास घ्या."

डीझेलचा वास होता. ऋजुताला काही कळेना.

"ऑइल कधी वाढत नसतो, ताई. वाढला तर प्रॉब्लेम," समर म्हणाला. "बघा, डीझेल गाडीला एक फिल्टर असतो. सगळा काजळी तिथे जमतो. गाडी जोरात पळाली की एक्झॉस्ट हॉट होतो आणि काजळी जळून जातो. तुमचा गाडी रोज ट्राय करतो. एक्स्ट्रा डीझेल आत सोडतो, गरम व्हायला बघतो, आणि तेवढ्यात तुम्ही घरी पोचता, बंद. रोज. तो न जळलेला डीझेल मग ऑइलमध्ये उतरतो."

"पण मी इतकी जपून चालवते! दोन हजारांच्या वर काटा कधी नेलाच नाही."

"तेच ना." समरने पिवळी चिठ्ठी वाचायचा प्रयत्न केला, पण देवनागरीशी त्याचं फारसं सख्य नव्हतं. "गाडी आजारी नाही. तुमचा ड्रायव्हिंग आजारी आहे."

ऋजुताचे डोळे भरून आले. अठरा महिने जिला फुलासारखी वागवली ती गाडी त्या वागवण्यानेच गुदमरत होती. तिला राग आला, समरचा, अपूर्वचा, त्या चिठ्ठीचा. आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण दर रविवारी वाढतं ऑइल बघून तीच खूश होत होती.

"आता काय करायचं?"

"ऑइल मी आत्ता बदलतो. ते न बदलता पळवायचं नाही, डेंजरस आहे. मग मोटरवे. साठच्या वर, चौथा गिअर, काटा अडीच हजारावर. वीस-पंचवीस मिनिटं, न थांबता. टाकीत डीझेल अर्धा तरी पाहिजे."

"तू घेऊन जातोस का, समर? प्लीज."

"जाऊ शकतो," तो हात पुसत म्हणाला. "पण मग तीन वीकमध्ये तुम्ही परत इथे. आणि आज नाही केला तर गाडी लिम्प मोडमध्ये जाणार. म्हणजे काय, चाळीसच्या वर पळणारच नाही. मग नवा फिल्टर, आणि तो एवढा महाग की लोक गाडीच स्क्रॅप करतात. वीकेंडला मी बंद आहे. तुम्हाला मंडेला गाडी पाहिजे ना?"

पाहिजे होती. सहा वर्षं पाहिजे होती.

बारा वाजता ती गॅरेजमधून निघाली. समरने खिडकीतून शेवटचं सांगितलं, "मध्ये राउंडअबाउटला स्लो झाला तरी चालेल, बंद करायचं नाही. जळका वास येईल, फॅन ओरडेल. घाबरायचं नाही. दिवा गेला की झाला. नाही गेला तर पुढे जात राहायचं."

बोलायला काय जातं याच्या बापाचं, ऋजुता मनात म्हणाली.

इंजिन गरम व्हावं म्हणून तिने गावातच दहा मिनिटं काढली. खरं तर इंजिन कधीच गरम झालं होतं, थंड पडले होते तिचे हात. ब्लॅक डॅमच्या मोठ्या राउंडअबाउटला तिने एक फेरी मारली आणि एम-थ्रीचा रस्ता सोडून दिला. दुसरी फेरी मारली, पुन्हा सोडला. तिसऱ्या फेरीला मागच्या व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवला आणि त्या हॉर्नच्या भरातच ती वळली.

तोच उतार, तीच डावीकडची झुडपं. दुसरा गिअर, तिसरा. काटा दोन हजारांवर आला आणि सवयीने तिचा पाय सैल पडला. तिने परत दाबला. अडीच हजार. इंजिनाने असा आवाज काढला जो तिने या गाडीच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. उजव्या आरशात लॉरी होती. अर्थातच होती. तिच्यासाठी नेमून ठेवल्यासारखी, पांढरी, घराएवढी. 'थांब, थांब, थांब' हे शब्द कानात असे वाजले की जणू अपूर्व शेजारीच बसला होता. त्याच क्षणी गाडीतला फोन वाजू लागला. पडद्यावर अपूर्वचंच नाव, जेवणाच्या सुट्टीतला त्याचा रोजचा फोन.

"नाही," ऋजुता मोठ्याने म्हणाली. फोनला की लॉरीला, तिलाही सांगता आलं नसतं. थांबायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. ती थांबली नाही. लॉरीने इंडिकेटर देऊन शांतपणे मधली लेन धरली आणि तिला जागा करून दिली. इतकं साधं. त्या वेळचा लॉरीवालाही कदाचित हेच करणार होता, हा विचार मनात आला आणि तिने तो लगेच बाजूला ठेवला, कारण समोर बघायचं होतं.

बासष्ट. चौसष्ट. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखायला लागली. हुक गावाची पाटी गेली. तिचं पाच मैलांचं जग इथेच कुठेतरी संपत होतं. फोन पुन्हा वाजला, वाजून बंद पडला. अन्वीला काही झालं असेल का? नाही, मग शाळेचा नंबर आला असता. गाडीत जळका वास भरू लागला. समरने सांगितलं होतं, तरी तिला वाटलंच की आता बॉनेटमधून धूर येणार. तिने दिव्याकडे बघितलं. होता. पुन्हा बघितलं. होता. दिव्याकडे बघताना गाडी कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेली, चाकांखाली खडखड झाली आणि तिने झटकन स्टिअरिंग सरळ केलं. यापुढे दिव्याकडे बघायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

फ्लीटला बाहेर पडून ती राउंडअबाउटवरून वळली आणि परतीच्या बाजूला पुन्हा तसाच उतार, पुन्हा ते मिळणं. या वेळी आरशात दोन लॉऱ्या होत्या आणि फोन तिसऱ्यांदा वाजत होता. तिने दोघींच्या मधल्या फटीत गाडी घातली. पाठीवरून घाम ओघळला, पण गाडी घातली.

पंधरा मिनिटं झाली, अठरा झाली. आता तिने बघितलं. दिवा लुकलुकायचा थांबला होता, पण गेला नव्हता. स्थिर, नारिंगी, हट्टी. आणि समोर बेसिंगस्टोकची पाटी आली.

ऋजुताच्या जिवाला एवढी शांतता वाटली की काय सांगावं. घर. बाहेरचं वळण जवळ आल्याचं सांगणारा तीन पट्ट्यांचा खांब येईल, मग दोन, मग एक, की डावीकडे वळायचं आणि वीस मैलांच्या आपल्या वेगात परत जायचं. एवढं केलं, पुष्कळ केलं. दिव्याचं बघू. सोमवारचं बघू. तीन पट्ट्यांचा खांब आला. तिने इंडिकेटरला हात लावला.

दोन पट्ट्या. वळली, तर आत जळत असलेलं अर्धवट राहणार. रोज राहायचं तसं. दीड मैलाने घरी पोचायचं आणि बंद. सहा वर्षं तिने दुसरं काय केलं होतं? दर वेळी जरा ऊब धरली की कुणीतरी किल्ली फिरवायचं, आणि पुष्कळदा ते कुणीतरी ती स्वतःच असायची.

एक पट्टी. तिने इंडिकेटरवरचा हात काढून घेतला. आपल्या घराचा रस्ता डाव्या खिडकीतून वर चढत मागे गेला आणि ऋजुता विंचेस्टरच्या दिशेने सरळ जात राहिली. ती रडत होती. वेग पासष्ट होता.

फोन चौथ्यांदा वाजला तेव्हा तिने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं.

"ऋजू! अग फोन का उचलत नाहीस? ऐक, घाबरू नकोस. गाडी चोरीला गेलीय! भोंगा वाजला. एम-थ्रीवर आहे, आधी फ्लीटकडे गेली, आता साउथला चाललीय, पासष्टने! तू घरीच आहेस ना? दुसऱ्या फोनवर मी पोलिसांना लावलाय, होल्डवर आहे—"

"अपूर्व, गाडी मी चालवतेय."

"काय?"

"मी चालवतेय. चोर मीच."

पलीकडे नुसतं पोलिसांच्या होल्डचं कसलंसं किणकिणतं संगीत.

"तू?" शेवटी तो म्हणाला. "एकटी?"

"एकटी."

"अग पण... मला वाटलंच नाही तू असशील म्हणून."

हे ऐकून ऋजुताला लागलं. लॉरीची भीती होती त्याच्या खोल खाली कुठेतरी लागलं. "पोलिसांपर्यंत गेलास," ती म्हणाली. "चोर असेल असं वाटलं. बायको असेल असं एकदाही वाटलं नाही?"

अपूर्वला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा गुण.

"नाही वाटलं," तो म्हणाला. मग आवाज खाली आला. "त्या दिवशी तू चुकली नव्हतीस, ऋजू. लॉरी लांब होती. मीच टरकलो आणि ओरडलो. नंतर सांगायची लाज वाटली."

तीन वर्षं. ऋजुताला त्याला शिव्या घालायच्या होत्या, आणि समोर व्हॅन हळू झाली म्हणून आधी आरसा बघायचा होता. तिने आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि व्हॅनला मागे टाकून पुन्हा डाव्या लेनमध्ये आली. हे सगळं झाल्यावर तिच्या लक्षात आलं की तिने आत्ता एका गाडीला ओव्हरटेक केलं.

"नोकरी लोकल नाहीये," ती म्हणाली. "फ्लीट ते विंचेस्टर आहे. मी तुला खोटं सांगितलं. त्यांनाही सांगितलं. आणि तुझी ती चिठ्ठी चूक आहे, गाडी जपून जपून मारत आणलीस तू. आपण दोघांनी."

"बरं," अपूर्व म्हणाला. एवढंच. मग पलीकडचं संगीत थांबलं आणि तो गडबडला. "ऋजू, पोलिस लाइनवर आले. काय सांगू?"

"सांग, गाडी सापडली."

दुसऱ्या फोनवर तो बोलत होता ते तिला ऐकू येत होतं. सॉरी, माझी चूक, चोरी नाही. मग पलीकडून काही विचारलं गेलं असावं.

"माय वाइफ," तो म्हणाला. "माय वाइफ इज ड्रायव्हिंग." आणि पुन्हा, जरा मोठ्याने, "यस. ऑन द मोटरवे."

ऋजुताने डोळे पुसायला एक हात सोडला, तेव्हा तिची नजर डॅशबोर्डवर गेली. दिवा नव्हता. कधी गेला ते तिला कळलंही नव्हतं. पुढे विंचेस्टर आठ मैल अशी पाटी होती, आणि अन्वीची शाळा सुटायला अजून अडीच तास होते.